रब्बीची मोटार आधी तपासा

गव्हाची पेरणी उरकली की विहिरीवरच्या मोटारीला उसंत मिळत नाही. तिची तपासणी करायची ती आत्ताच. वीजबिल येत नाही म्हणून हे काम हमखास मागे पडतं. 2024 पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के हिस्सा भरला की सौरपंप मिळतो. पण जळालेली मोटार भरून आणायचा खर्च आपलाच, आणि उपसलेलं पाणीही आपल्याच विहिरीतलं.

अरुंद पाइपात बरीच वीज वाया जाते. तेवढंच पाणी अडीच इंचीऐवजी तीन इंची पाइपातून नेलं, तर घर्षण निम्म्याहून कमी होतं. काटकोनी एल्बो काढून लांब बेंड बसवा. दर वेळी मोटारीत पाणी भरावं लागत असेल तर फूट व्हॉल्व्ह गळतोय असं समजा. त्याच्या जाळीत पावसाळ्याचा गाळ साचला असेल तोही काढा. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला साधारण दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लागतो. तो चालू असेल तर मोटार कमी करंट ओढते आणि व्होल्टेज सावरतं.

ऑटोस्विच मात्र काढाच. लाईट आल्याबरोबर शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपी जळते, आणि ऐन पाण्याच्या पाळीत अख्खं शिवार अंधारात बसतं. हे एकट्यानं करून भागत नाही, एका डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं.

सौरपंप असेल तर पॅनेल सकाळी गार असतानाच साध्या पाण्यानं पुसा. बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरलं तर काचेवर पांढरा थर बसतो. एका पॅनेलवर झाडाची सावली पडली तरी त्याच्यासोबत जोडलेल्या सगळ्यांची वीज घटते, म्हणून वाढलेल्या फांद्या आताच छाटा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो. सांगाड्याला कोन बदलायची सोय असेल तर उतार थोडा वाढवा.

खरी बचत पाण्याच्या वेळेत आहे. गव्हाला एकच पाणी देता येणार असेल तर ते पेरणीनंतर 40 ते 42 दिवसांनी द्या. दोन असतील तर पहिलं 20 ते 22 दिवसांनी आणि दुसरं 60 ते 65 दिवसांनी. हरभऱ्याला फांद्या फुटताना आणि घाटे भरताना बेताचं पाणी पुरतं. जास्त दिलं तर झाड उभळतं, मुळं कुजतात. ऊन फुकट आहे म्हणून दिवसभर पंप चालू ठेवणाऱ्या गावात उन्हाळ्याआधीच विहिरी तळ गाठतील, ही भीती मला खरी वाटते.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात 2016 मध्ये शेतकऱ्यांच्या सहकारी मंडळीनं सौरपंप वीजजाळ्याला जोडले. सिंचनातून उरलेली वीज ते विकतात, त्यामुळे पाणी वाचवलं की पैसा मिळतो. पीएम-कुसुम योजनेतही जाळ्यावरच्या पंपांसाठी ही तरतूद आहे. आपल्याकडे योजनेतून बसणारे सौरपंप मात्र बहुतेक सुटे आहेत. शेतकरी गटांनी ही जोडणी ठामपणे मागायला हवी. तोवर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणीही चालवू शकेल असा बहुउपयोगी कंट्रोलर पंपासोबत मिळतो का, हे अर्ज करतानाच विचारा.