खाते बदललेय म्हणे!

घरी फ्लॅट घ्यायची नाहीतर जमीन विकायची बोलणी निघाली की 'तू इंजिनिअर ना, पैसे तूच पाठव' हे काम आपल्याच गळ्यात पडते. म्हणून हे लिहितोय.

चोर आधी बिल्डरचा किंवा वकिलाचा ईमेल फोडतो आणि गुपचूप वाचत बसतो. हप्त्याची तारीख आली की हुबेहूब तसाच मेल येतो: 'ऑडिटमुळे खाते बदलले आहे, या नंबरवर आरटीजीएस करा.' पत्त्यात एखादेच अक्षर इकडचे तिकडे. आता गंमत बघा. आरटीजीएसची रक्कम जमा होते ती खाते क्रमांक पाहून, नावाची जुळणी होतेच असे नाही! आणि एकदा जमा झाली की व्यवहार अंतिम. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांना खातेदाराचे नाव आधी दाखवायची सोय द्यायला सांगितले. ती वापराच.

माझ्या काकांना असाच मेल आला होता. मी त्यांना करारनाम्यावरच्या नंबरला फोन करायला लावला (मेलमधला नंबर चोरच उचलणार!). खाते बदललेच नव्हते. काका मात्र अजून म्हणतात, "मला संशय आलाच होता."

विकणाऱ्यांनी आपला खाते क्रमांक करारनाम्यातच घालावा. पैसे गेलेच तर सकाळची वाट बघू नका, तडक बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा. चोर रक्कम भराभर पुढच्या खात्यांत फिरवतो.