लेट्यूसचे बी आणि प्रकाश

पावसाळा सरला की आपल्या गोव्यातील परसांत मुळा, चवळी व तांबडी भाजी पेरण्याची लगबग सुरू होते. त्यांच्या शेजारी लेट्यूसचाही लहानसा वाफा सहज करता येतो. ही वनस्पती सूर्यफूल व शेवंती यांच्या कुळातील होय. तिचे पान मोडले असता दुधासारखा चीक येतो. म्हणून लॅटिन भाषेतील दुधाच्या नावावरून तिला 'लॅक्टुका' हे शास्त्रीय नाव मिळाले.

हे बी उगवले नाही की आपण बियाला दोष देतो. परंतु पुष्कळदा ते खोल पुरलेले असते. लेट्यूसच्या अनेक जातींना उगवण्यासाठी प्रकाश लागतो. १९५२ साली अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स व त्यांचे सहकारी यांनी भिजवलेल्या बियांवर प्रयोग केले. तांबडा प्रकाश दिला की बी उगवे. पाठोपाठ तांबड्याच्याही पलीकडचा प्रकाश दिला की ते निद्रिस्त राही. हे प्रकाश आलटून पालटून दिले, तरी शेवटचा कोणता यावरच उगवण ठरे. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि पलीकडचा बराचसा खाली जाऊ देतात. म्हणजे डोक्यावर मोकळे आकाश आहे की दुसऱ्या झाडाची दाट सावली, हे त्या इवल्याशा बियाला उमगते!

तेव्हा दिवाळीनंतर माती भुसभुशीत करून तीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. बी वरच भुरभुरावे, त्यावर मातीचा नाममात्र थर द्यावा व झारीने हलके पाणी शिंपावे. उष्म्यानेही हे बी रुसते. म्हणून वाफ्यास दुपारच्या उन्हापासून जपावे. आठवड्याभरात अंकुर दिसू लागतात. पुढे रोपांत सुमारे २० सेंटिमीटर अंतर ठेवावे. गड्डा न धरणारी, सुट्या पानांची जात आपल्या हवेस बरी. सुमारे ५० दिवसांनी तिची बाहेरची पाने खुडता येतात. उन्हाळा लागताच मधला दांडा वर येतो व पाने कडू होतात. ही पाने कच्चीच खावयाची असल्याने वाफ्यास ताजे शेण वा सांडपाणी घालू नये, आणि पाने स्वच्छ पाण्याने नीट धुवावीत.

विद्यार्थिमित्रहो, दोन बशांत ओला टीपकागद घालून त्यावर मोजून बी ठेवा. एक बशी उजेडात ठेवा, दुसरी भिजवल्याबरोबर डब्यात बंद करा. आठवड्याने दोन्हींतील अंकुर मोजा. दोन्हीकडे सारखेच उगवले, तर तुमची जात प्रकाशावाचून उगवणारी समजा. अन्यथा बी किती खोल पेरावे, याचे उत्तर ते बीच तुम्हांस देईल.