वायफाय जोडलेलं दिसतंय, पण नेट चालत नाही

वसई-विरार पट्ट्यात परदेशात माणूस असलेलं घर शोधायला फार फिरावं लागत नाही. निर्मळ, गास, पापडी, सांडोर भागांतली कितीतरी कुटुंबं कुवेत, बहरीन, दुबई, मस्कतला वर्षानुवर्षं आहेत. नालासोपारा-विरारची मुलं-मुली आता शिकायला जर्मनी, आयर्लंड, कॅनडाला निघतात, काहीजण जहाजावर जातात. जुनी, स्थिरावलेली माणसं नव्यांना घरभाडं, किराणा, थंडीचे कपडे याबद्दल भरभरून सांगतात. वायफायबद्दल सहसा कोणी बोलत नाही. पहिल्या रात्रीचा घोळ मात्र नेमका तिथेच होतो. इकडे आई फोनची वाट बघत जागी, तिकडे लेकाच्या फोनवर वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं, आणि मेसेज काही जात नाही. अशा वेळी काय करायचं, हे त्या कुटुंबांकडून गोळा करून इथे मांडलं आहे.

सर्वांत कळकळीने सांगितली गेलेली गोष्ट सहार विमानतळावर विमानात बसण्याआधीची आहे. तुमच्या भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करून घ्या आणि प्रीपेड असेल तर रिचार्ज चालू राहील असं बघा. डेटा रोमिंग बंद ठेवा, पण सिम काढू नका. बहुतेक भारतीय कंपन्या रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत, आणि तुमचा बँकेचा ओटीपी त्याच एसएमएसने येणार आहे. परदेशातल्या अनेक विमानतळांवर आणि हॉटेलांत वायफायसाठीही मोबाइल नंबरवर कोड पाठवतात. नंबर बंद असेल तर कोड नाही, कोड नाही तर वायफाय नाही, आणि तिथे बसून रोमिंग सुरू करायचं म्हटलं तर त्यालाही नेट लागतं. ही गाठ तिकडून सुटता सुटत नाही. उतरायचा पत्ता, घरमालकाचा नंबर आणि वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून खिशात ठेवा. फोनमधल्या ईमेलात तो असून उपयोग नाही, कारण ईमेल उघडायलाच नेट हवं.

विमानतळावर नेट लागेना, तर बहुतेक वेळा बिघाड नसतोच. तिथे आधी एक पान उघडतं, त्यावर नाव-नंबर भरून संमती द्यावी लागते. आपल्या रेल्वे स्थानकांवर रेलवायर वापरलेल्यांना हा प्रकार माहीत आहे. अडचण येते ती ते पान न उघडल्याने. हल्ली जवळपास सगळी संकेतस्थळं सुरक्षित जोडणीची असतात, आणि अशी जोडणी मध्येच अडवून दुसऱ्या पानाकडे वळवता येत नाही. मग ब्राउझर नुसता इशारा दाखवतो आणि आपण हताश होतो. त्यासाठी नेव्हरएसएसएल डॉट कॉम हे साधं, कुलूप नसलेलं पान मुद्दाम बनवलेलं आहे. ते उघडायला गेलं की नोंदणीचं पान समोर येतं. तरीही आलं नाही तर व्हीपीएन बंद करा, अँड्रॉइडवर प्रायव्हेट डीएनएस आणि आयफोनवर प्रायव्हेट रिले तात्पुरतं बंद करा, ते नेटवर्क फोनमधून विसरायला लावा आणि नव्याने जोडा. फोनचं घड्याळ हाताने लावलेलं असेल तर तारीख-वेळ आपोआपवर टाका. वेळ फार चुकीची असली की सुरक्षित पानं उघडत नाहीत आणि दोष मात्र वायफायच्या माथी येतो. अशा मोकळ्या वायफायवर बँकेचे व्यवहार करू नका, ते तिथलं सिम घेतल्यावर मोबाइल डेटावर करा.

खोलीवर पोचल्यावरची तपासणी वेगळी. आधी बिघाड कुठल्या टप्प्यात आहे ते ठरवा: तुमचा फोन ते राउटर, की राउटर ते बाहेरचं जग? सोबतच्या माणसाच्या फोनवर त्याच वायफायने नेट चालत असेल तर दोष बहुधा तुमच्या फोनचा. कोणाचंच चालत नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये तासभर घालवू नका. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करा, तरीही नाही तर घरमालकाला कळवा. फोनमधल्या वायफायच्या तपशिलात पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने तुम्हाला पत्ताच दिलेला नाही, फोनने तो स्वतःच घेतला आहे. असं झालं तर जोडणी तोडून पुन्हा जोडावी. काही हॉटेलांत एका खोलीला दोन-तीनच उपकरणं चालतात, तेव्हा आधी जोडलेलं एखादं काढलं की नवं लागतं.

राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर चालतो. २.४ गिगाहर्ट्झ भिंती ओलांडून लांब जातो, पण त्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण एक-दोन भिंतींत दमतो. आखातातल्या काँक्रीटच्या इमारतीत बेडस्पेसवर, म्हणजे नुसती खाट भाड्याने घेऊन, राहणाऱ्याला कोपऱ्यातली खाट मिळाली तर २.४ वरच राहिलेलं बरं. संध्याकाळी सगळे कामावरून आले की नेट मंदावतं, त्यावर औषध नाही. तिथली माणसं घरी फोन पहाटे लावतात. अमेरिकेतून आणलेला जुना लॅपटॉप युरोपात घरचं वायफाय दाखवतच नाही, अशीही तक्रार येते. २.४ च्या पट्ट्यातल्या १२ आणि १३ क्रमांकाच्या वाहिन्या युरोपात सर्रास चालतात, अमेरिकी उपकरणं बहुधा ११ वर थांबतात. राउटरची वाहिनी १, ६ किंवा ११ केली की काम होतं. विमानतळाजवळच्या घरात ५ गिगाहर्ट्झ मधूनच गायब होत असेल तर घाबरू नका. त्यातल्या काही वाहिन्या रडारही वापरतात, आणि रडारची चाहूल लागताच राउटरने जागा सोडायची असा नियम आहे. हवामान रडारच्या वाहिनीवर जाण्यापूर्वी युरोपात राउटरला दहा मिनिटं नुसतं ऐकत बसावं लागतं.

काही वेळा सगळं नीट जोडलेलं असतं आणि अडवतो तो कायदा. दुबई-अबुधाबीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, फोटो जातात, कॉल लागत नाही. मस्कतलाही तसंच. कुवेत-बहरीनला ही अडचण नाही. नवा माणूस इथेच नेटपत्ता लपवणाऱ्या व्हीपीएनच्या नादी लागतो, आणि आखातातली जुनी माणसं त्याला निक्षून अडवतात. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यानुसार आपला नेटपत्ता लपवून गुन्हा केला, किंवा गुन्हा उघडकीस येऊ नये म्हणून तो लपवला, तर कैद किंवा पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड होऊ शकतो. त्या वाटेला जाऊच नये. तिथे परवानगी असलेलं बोटिम आहे, आणि गूगल मीट, झूमही सहसा चालतात. पण यांतलं जे वापराल ते ॲप दोन्ही टोकांना लागतं. म्हणून निघण्याआधी आईवडिलांच्या फोनवर ते बसवून, एकदा शेजारच्या खोलीतून कॉल लावून त्यांना दाखवून जा. हे काम नंतर फोनवरून शिकवणं फार जड जातं.

जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी भाड्याच्या घरातल्या वायफायवरून सिनेमे टोरेंटने उतरवू नयेत. तिथे वकिलाची भरपाईची नोटीस थेट जोडणी ज्याच्या नावावर त्याच्या दारात येते. विद्यापीठाचं एज्युरोम हे वायफाय मात्र मोठी सोय आहे. एका विद्यापीठाच्या खात्यावर इतर देशांतल्या सहभागी विद्यापीठांतही ते चालतं. नावाच्या जागी विद्यापीठाच्या पत्त्यासकट पूर्ण खातं लिहायचं, हे बरेचजण विसरतात. खातं हाती आलं असेल तर त्याची मांडणी घरूनच करून जा.

जहाजावर जाणाऱ्यांसाठी थोडं. ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाचं नेट असेल तर बोलताना अर्धा-पाऊण सेकंद उशीर होणारच, तो बिघाड नाही. सुमारे ५५० किलोमीटरवरच्या नव्या उपग्रहांवर तो जवळजवळ जाणवत नाही. सागरी कामगार कराराच्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार जहाजमालकाने शक्य तेवढी नेटची सोय द्यायची आहे, आणि पैसे घेतलेच तर वाजवी घ्यायचे आहेत. नोकरीच्या करारावर सही करण्याआधी महिन्याला किती डेटा मिळेल हे एजंटला स्पष्ट विचारा.

आणि तिकडे आधीपासून असलेल्यांना एक विनंती. आपल्याकडचं कोणी उतरणार असेल तर आदल्या दिवशीच त्याच्या घरच्यांना तुमचा नंबर द्या, आणि त्याला उतरवून घ्यायला गेलात की स्वतःच्या फोनचं हॉटस्पॉट सुरू करून आधी घरी फोन लावू द्या.