शस्त्रक्रियेचा ताण आणि कॉर्टिसॉल

धार जिल्ह्यातील तिरला येथील रुग्णास जठराचा वा आतड्याचा कर्करोग झाल्यास शस्त्रक्रियेसाठी बहुधा इंदूर गाठावे लागते, कधी मुंबईचे १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय. पैशाची तजवीज होते. जुन्या औषधांची चिठ्ठी मात्र घरीच राहते. ती का हवी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या आज्ञेने कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवतात. शस्त्रक्रियेच्या आघाताने त्याचे प्रमाण वाढते व रक्तदाब टिकून राहतो. ही देहाची तरतूदच होय. परंतु ही वाढ रेंगाळल्यास रक्तातील साखर चढते, प्रतिकारशक्ती मंदावते, जखम उशिरा भरते. आणि आतड्याचा नवा सांधा तर वेळेवर भरून यावयास हवा.

दमा वा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांची गोष्ट उलट आहे. बाहेरच्या पुरवठ्याने त्यांच्या ग्रंथी सुस्तावतात. गोळी एकाएकी थांबविल्यास शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब कोसळू शकतो. ‘ताकदीची गोळी’ म्हणून मिळालेल्या पुडीतही हेच औषध असू शकते! शिक्षक व पंचायत सचिवांनी रुग्णासोबत चिठ्ठ्या, रिकामी वेष्टनेसुद्धा, बांधून द्यावीत. भूल देणाऱ्या डॉक्टरांस ती दाखविल्यास योग्य मात्रा शिरेवाटे देता येते.