आकड्यामागची नावं माग, गं

सगळ्यात आधी डॅशबोर्डवरचा तो लाल रंग मनावर घ्यायचं सोड बघू. बॉण्डवर मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू होऊन तुला जेमतेम काही महिने झालेत. त्यात ओपीडी, त्यात पाऊस, त्यात दर महिन्याच्या मीटिंगला पडद्यावर सगळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची उतरंड लावतात आणि आपलं केंद्र खालून दुसरं-तिसरं दिसतं. पोटात गोळा येणारच. पण खरं सांगू का, डॅशबोर्ड म्हणजे तुझं प्रगतिपुस्तक नव्हे. तसं धरून चाललीस की आधी लाल झाकायला बघशील आणि मग ते पान उघडायचंच टाळशील. मी तेही करून बसलेय. ‘पासवर्ड विसरले’ हे कारण इतकं वापरलं, की शेवटी तो खरंच विसरले.

आपल्याकडे पोर्टलांना तोटा नाही. आरोग्यसेवांच्या एकूण आकड्यांसाठी २००८ पासूनचं एचएमआयएस, टीबीसाठी २०१२ पासून निक्षय, गरोदर बायकांचं आणि बाळांचं आरसीएच, साथींसाठी २०२१ पासून देशभर आयएचआयपी, औषधांची ई-औषधी, बीपी-शुगरसाठी एनसीडी. हे सगळं एकटीनं रोज वाचायचं म्हटलंस तर पेशंट कधी बघणार? म्हणून माझं ऐक. सगळं भरायचं, वेळेत भरायचं. पण नीट बसून वाचायचं ते दोनच ठिकाणी. पावसाळ्यात ताप, कारण एका वाडीत दोन-तीन दिवसांत तापाचे चार पेशंट झाले तर लेप्टो आणि डेंग्यू डोक्यात यायलाच हवेत. आणि बारा महिने बीपी. तापाचं तुला जमतंय, सिस्टर तुला फोन करतात. अडतंय ते बीपीपाशी, तेव्हा आज तेवढंच बोलू.

शेजारच्या सिंधुदुर्गाचं उदाहरण घे. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांत सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे घेतले होते. उपचाराची ठरलेली साधी पायरी, गोळ्यांचा न तुटणारा साठा, डॉक्टरसोबत सिस्टर आणि आशा यांचं एकत्र काम, पेशंटला घराजवळ गोळ्या आणि नियमित हिशेब, एवढ्यावर तो उभा होता. २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. मला त्यातला हिशेब सगळ्यात आवडला. ‘सिंपल’ नावाचं अ‍ॅप होतं आणि त्याचा डॅशबोर्ड थोडकंच विचारायचा: नोंदलेल्यांपैकी किती जणांचं बीपी १४०/९०च्या खाली आलं, किती जणांचं आलं नाही आणि किती जण तीन महिन्यांत फिरकलेच नाहीत. वर्षभर न आलेल्यांचा रकाना वेगळा. संपलं. बघ, चांगला डॅशबोर्ड बाईला दमवत नाही.

आता तुझं गणित करू. समज, तुझ्याकडे बीपीचे ४०० पेशंट नोंदलेले आहेत. १६० जणांचं बीपी ताब्यात आहे, ९० जणांचं नाही आणि १५० जण तीन महिन्यांत आलेच नाहीत. पडद्यावर काय येतं? ४० टक्के. लाल. आणि तू रात्री घरी जाऊन पुस्तक उघडतेस, आपला डोस चुकतोय का, टेल्मिसार्टन लवकर जोडायला हवं होतं का. अगं, जरा थांब. जे २५० आले, त्यांच्यातल्या १६० जणांचं बीपी ताब्यात आहे, म्हणजे १०० मागे ६४ जणांचं. तुझं औषध चाललंय. प्रश्न त्या १५० जणांचा आहे आणि तो डोस वाढवून सुटणार नाही. टक्का दिसला की आधी विचारायचं: भागाकारात खाली कोण बसलंय?

आपल्या रत्नागिरीत तर हे हटकून विचारायचं. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाखांच्या जवळ होती, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. राज्य वाढत होतं, आपण घटत होतो. तेव्हा हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. गडी मुंबईला आणि घरात म्हातारी माणसं नि बायका, हे तुला ओपीडीत रोज दिसतं. मग तीस वर्षांवरच्या सगळ्यांना तपासायचं उद्दिष्ट लोकसंख्येवरून काढलेलं असेल, तर त्यातले कितीतरी जण विरार-नालासोपाऱ्याच्या लोकलमध्ये उभे असणार. हे रडगाणं म्हणून सांगत बसू नकोस, पण माहीत असू दे.

त्या १५० जणांचं काय करायचं? यादी छापून घे. मोबाइलवर वरखाली सरकवून हे होत नाही, कागदच लागतो. उपकेंद्राप्रमाणे वेगळी करून घे आणि आशांच्या मीटिंगला प्रत्येकीच्या हातात तिच्या वाडीची दहा-पंधरा नावं दे. मग तू गप्प बस. हे अवघड आहे, मला ठाऊक आहे, पण बस. एक म्हणेल, ही आजी मुलाकडे गेली, गणपतीला येईल. दुसरी म्हणेल, हे काका शहरातल्या खासगी डॉक्टरांच्या गोळ्या घेतात, बीपी चांगलं आहे. तिसरी जरा घुटमळेल आणि सांगेल, हे मागच्याच शिमग्याला वारले. एक नाव दोनदा निघेल, एकदा माहेरच्या आडनावानं आणि एकदा सासरच्या. एखादी बाई गेल्याच महिन्यात येऊन गेलेली असेल, वहीत बीपी लिहिलेलं, पण नेट नव्हतं म्हणून पोर्टलवर चढलेलंच नाही. आणि मग उरतील ती खरी माणसं: गोळी संपली तेव्हा केंद्रातही नव्हती, म्हणून परत आली नाहीत ती, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून थांबलेली, एसटी दुपारी एकच असल्यामुळे न येणारी.

प्रत्येकावर इलाज वेगळा आहे की नाही? वारलेल्याचं नाव काढायचं, दुहेरी नोंद एक करायची, वहीतलं चढवायचं. खासगीकडे जाणाऱ्या काकांना ओढून आणायची काही गरज नाही, फक्त तशी नोंद कर. मुंबईला जाणाऱ्या आजीला साठा असेल तर जास्त दिवसांच्या गोळ्या बांधून दे आणि तिथल्या दवाखान्यात दाखवायला कागदावर बीपी नि औषध ठसठशीत अक्षरात लिहून दे. तुझं ते डॉक्टरी अक्षर नको! दुपारच्या एसटीवाल्यांची गोळी उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे, म्हणजे सीएचओकडे ठेव. आणि हो, दर वेळी ई-औषधीतला साठा शेजारी उघडून बघ. अम्लोडिपिन महिनाभर नसेल तर पुढच्या तिमाहीत न येणारे वाढणारच, त्याचं खापर बिचाऱ्या आशांवर फोडू नकोस.

महिन्या-महिन्याची तुलना करून जीव जाळू नकोस, हेही सांगून ठेवते. जूनच्या आकड्यांशी जुलैचे ताडून बघशील तर लावणीच्या दिवसांत कोणी येत नाही एवढंच कळेल. एप्रिल-मेमध्ये आंबा असतो, तेव्हा बायका पेट्या भरण्यात नि बागायतदार बागेत. जुलैचा आकडा मागच्या वर्षीच्या जुलैशी लाव. उलट मिरकरवाडा, हर्णे अशा बंदरांवरचे खलाशी एरवी हाताला लागत नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ते जमिनीवर असतात, तोच त्यांचं बीपी बघायचा मोका. कॅम्पची तारीख अशी काढायची असते, वरून आलेल्या पत्रावरून नाही. पत्र आलं तर तो कॅम्पही करायचाच, काय करणार!

आता जरा कडक बोलते, राग मानू नकोस. कधीतरी तुझ्या सगळ्या बीपी नोंदी एकाखाली एक लावून बघ. पानभर १२०/८०, १३०/८०, १३८/८८ दिसले तर समज, कुणीतरी यंत्र न लावताच लिहितंय किंवा १४० आलेलं जरा खाली ढकलतंय. माणसांचं बीपी इतकं शिस्तीत नसतं. डिजिटल यंत्रावर १४३, १२७, १५१ असले ओबडधोबड आकडेच यायला हवेत. असं आढळलं तर सिस्टरवर ओरडू नकोस. आधी यंत्राचे सेल बघ, मग बघ की त्या खोलीत पेशंटला पाच मिनिटं बसायला खुर्ची तरी आहे का. आणि स्वतःला विचार, मागच्या वेळी खरा लाल आकडा घेऊन आलेल्या सिस्टरला आपण काय बोललो होतो? खोटा हिरवा रंग तिथूनच येतो. महाराष्ट्रानं हे बालमृत्यूंच्या बाबतीत बघितलंय. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला आणि सरकारी कागदावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त बाळं दगावतात हे घरोघर मोजणाऱ्यांनी समोर ठेवलं. कागद हिरवा होता म्हणून बाळं वाचली नव्हती.

तुझे सासरे म्हणतात ना, ‘आम्ही चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली, आम्हाला कधी डॅशबोर्ड लागला?’ त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना तीन पिढ्यांची दुखणी तोंडपाठ आहेत. पण लक्षात ठेव, आठवतात ती दवाखान्यात येणारी माणसं. न येणारी आठवणीत कुठून राहणार? वेल्समधल्या ग्लिनकॉरुग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे फॅमिली डॉक्टर होते. त्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाचं बीपी मोजून काढलं, न येणाऱ्यांचाही पाठपुरावा केला. संगणक नव्हता, कागदच होते. सासऱ्यांना ही गोष्ट सांग, त्यांना आवडेल. मग हळूच विचार, तुमच्याकडचे टीबीचे पेशंट निक्षयवर जातात ना? खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून ते कळवावं लागतं.

आणि खूप मेहनत करून आकडा थोडासाच हलला तर खचू नकोस, बरं का. डॉक्टरांना त्यांच्याच कामाचे आकडे दाखवून काय फरक पडतो, याचा १४० अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१२ मध्ये निघाला होता. सुधारणा निघाली मधल्या हिशेबानं चार टक्क्यांच्या आसपास. पण जिथे आकडे ओळखीच्या सहकाऱ्यानं किंवा वरिष्ठानं दिले, एकदाच न देता पुन्हा पुन्हा दिले, तोंडी आणि लेखी दोन्ही दिले आणि सोबत ‘आता पुढे हे करू’ असं ठरवलं, तिथे परिणाम जास्त दिसला. नुसता पडदा लावून काही होत नाही, हे तर तू मीटिंगमध्ये अनुभवतेच आहेस. मग तुझ्या केंद्रात ते तू वेगळं कर. तुझ्या सिस्टरांसाठी ती ओळखीची वरिष्ठ तूच आहेस, आणि तुझं त्या ऐकतात. मी बघितलंय.

पुढच्या मीटिंगला तुझं केंद्र पडद्यावर आलं की सबबी सांगत बसू नकोस आणि ‘सॉरी सर’ही म्हणू नकोस. सांग: सर, न आलेले १५०, त्यातली इतकी नावं बाद करण्यासारखी, इतके मुंबईत, इतके गोळ्या नसल्यामुळे सुटले, मला अम्लोडिपिन वेळेवर द्या, पुढच्या तिमाहीत यातले इतके परत आणते. एवढं बोलणाऱ्या मेडिकल ऑफिसरला सहसा कोणी झापत नाही. झापलंच तर मला फोन कर, आपण दोघी मिळून नावं ठेवू.

यासाठी रोज वेळ काढू नकोस. तुला लहान बाळ आहे, डबा आहे, रात्रीचे कॉल आहेत. आठवड्यातून एक दुपार, ओपीडी संपल्यावर, अर्धा तास. त्या वेळी डाटा एन्ट्री ऑपरेटरला शेजारी बसव, तोच बिचारा सगळ्यात जास्त जाणतो आणि त्याला कोणी विचारत नाही. पहिल्या वेळी एकाच उपकेंद्राची यादी घे, सगळ्यात लहान उपकेंद्राची. आणि प्रिंटरमध्ये कागद आहे का ते आधी बघ, नाहीतर तिथेच अडशील.