‘नकार’ या शब्दाची तपासणी

‘लोकांनी शहर सोडण्यास नकार दिला,’ असे वाक्य वाचनात आले की आम्ही विद्यार्थ्यांना थांबवितो. नकार देण्यासाठी पर्याय हाती असावा लागतो.

२८ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर रिकामे करण्याचा सक्तीचा आदेश निघाला. दुसऱ्याच दिवशी कॅटरिना चक्रीवादळ धडकले, बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर जलमय झाले. मागे राहिलेल्यांना हटवादी म्हटले गेले. परंतु जवळपास चतुर्थांश कुटुंबांकडे मोटारच नव्हती, आणि महिनाअखेर असल्याने गरिबांच्या हाती पैसाही नव्हता.

जाणूनबुजून थांबलेलेही होते, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र त्यांच्या अविश्वासालाही इतिहास होता. १९२७ च्या महापुरात शहर वाचविण्यासाठी त्याच्या खालच्या अंगाचा बांध सुरुंगाने उडविण्यात आला होता आणि बुडालेल्यांना नाममात्र भरपाई मिळाली. पुढे १९६५ च्या बेट्सी वादळात लोअर नाइन्थ वॉर्ड ही कृष्णवर्णीयांची वस्ती बुडाली, तेव्हा आपलाही बांध उडविला असे तेथील अनेकांनी मानले. त्यास पुरावा नाही. संशयास मात्र आधार होता.

आणि जे निघाले त्यांचे काय झाले? (वेस कशी बंद होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.) १ सप्टेंबर रोजी नदीवरील पुलावरून पायी निघालेल्यांना पलीकडच्या ग्रेटना गावाच्या सशस्त्र पोलिसांनी परत फिरविले.