आधी वस्तूंना भेट, मग मूडबोर्ड

अगं, तू पाठवलेले शीटचे फोटो सावकाश पाहिले. कोल्हापूरच्या स्थानिक इतिहासाचं संग्रहालय हा विषय तुला मिळाला याचा मला मनापासून आनंद झाला. तुझा हात छानच आहे. पण ज्युरीत हे कुणी मायेनं सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. दगडी कमान, मशाली, तालमीची लाल माती, भिंतभर चप्पल, सगळं आहे. दाखवायची वस्तू मात्र एकही नाही. संग्रहालयातून वस्तू काढून घेतल्या तर उरतं ते थीम रेस्टॉरंट.

म्हणून मूडबोर्ड चार दिवस बाजूला ठेव आणि टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात जा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1940च्या दशकात सापडलेल्या वस्तू तिथे आहेत. त्यात पोसायडनची ब्राँझची एक लहानशी मूर्ती आहे. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, आणि हा देव नदीकाठच्या टेकडीत! सातवाहनांच्या काळात रोमशी चालणारा व्यापार, कोकणातली बंदरं, घाट चढून येणारा माल, हे सगळं त्या एका मूर्तीमागे उभं आहे. ‘हा इथं कसा आला?’ एवढा एक प्रश्न घेतलास तरी माणसाला कुठून आत आणायचं, कुठे थांबवायचं, हे तुझ्या प्लॅनला आपोआप कळू लागेल. आणि मूर्ती लहान आहे हे विसरू नकोस. तिच्याभोवती दुप्पट उंचीचं दालन काढलंस तर ती हरवेल. तिला जवळून, शांतपणे बघता येईल अशी जागा दे.

आता उजेडाचं. रेंडरमध्ये तू सगळीकडे लख्ख उजेड टाकला आहेस. कागद, कापड, रंगवलेलं चामडं यांना साधारण 50 लक्सच्या वर उजेड सोसत नाही. रंग उडतात आणि ते परत येत नाहीत. शाहू महाराजांनी 1902 साली आदेश काढून मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्या आदेशाचा छापील कागद मांडायचा तर तो मंद उजेडातच राहणार. आणि बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला 50 लक्समध्ये आधी काहीच दिसणार नाही. म्हणून मध्ये एक सावलीची जागा हवी, डोळे निवतील अशी. ज्युरीला हा भाग सेक्शनमध्ये दाखव. तिथेच तुझी समज दिसेल.

शोकेससाठी तू एमडीएफ आणि व्हिनियर लिहिलं आहेस. बंद काचेत एमडीएफमधून आम्लयुक्त वाफा सुटत राहतात, त्यानं धातू खराब होतो. चांदीखाली लोकरीचं फेल्ट घातलं तर त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. पावडर कोटिंग केलेला धातू आणि काच घे. हे कुणी विचारलं नाही तरी मटेरियल शीटवर असू दे.

एक गोष्ट मात्र अजिबात टाळू नकोस. 2019 आणि 2021 साली पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं होतं, ते तुझ्या घरातल्यांनी पाहिलंय. मग वस्तूंचं भांडार तू तळघरात कसं काढलंस? ते वर ने. पूर हाही या गावाचा इतिहासच आहे, त्याला एक भिंत द्यावी असं मला वाटतं.

येणारा माणूस कोण, हेही ठरव. शाळेची सहल आली की एका शिक्षकामागे अख्खा वर्ग असतो. दप्तरं कुठे ठेवणार, मुलं कुठे टेकणार? व्हीलचेअर वळायला दीड मीटर मोकळी जागा लागते, तुझ्या त्या अरुंद ‘घाटवाटे’तसुद्धा. लेबल आधी मराठीत, मोठ्या अक्षरात, चार ओळींच्या आत.

आणि माणसांशी बोल गं. तालमीतले जुने वस्ताद, गुऱ्हाळावरचे गुळवे, चपलेला वेणी घालणाऱ्या बायका. 1902च्या त्या आदेशामुळे ज्या घरांत पहिल्यांदा सरकारी पगार आला, तिथल्या नातवंडांना विचार, आजोबांचं काय जपून ठेवलंय. गावाच्या संग्रहालयात राजाच्या तलवारीइतकीच जागा अशा एखाद्या नेमणूकपत्राला मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे. तुझ्या कन्सेप्टमध्ये सध्या ही माणसं सजावटीपुरती आहेत.

कमान ठेवायची असली तर ठेव, माझा विरोध नाही. फक्त आधी दहा-बारा वस्तूंची यादी कर, प्रत्येकीचं माप, ती कशाची आहे, तिला किती उजेड सोसतो, ते पुढे लिही. ती यादी मला पाठव, मग प्लॅनवर आपण दोघी बसू.